क्यूईएमयूवर टीएफ-ए, ऑप-टी आणि यू-बूट: स्क्रीन कोरी का राहते आणि -८० कुठून येतं

भावा, तुझा प्रश्न आधी दोन ओळीत परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठी तू भट्टीचा डेटा गोळा करणारा गेटवे बनवतोयस, ६४ बिट आर्म प्रोसेसरचा बोर्ड अजून हातात आलेला नाही, म्हणून तोवर क्यूईएमयूवर, म्हणजे लॅपटॉपवर दुसरा प्रोसेसर आभासी चालवणाऱ्या इम्युलेटरवर, सिक्युअर फर्मवेअर बिल्ड करून बघतोयस: टीएफ-ए (आर्मचं ट्रस्टेड फर्मवेअर), ऑप-टी (सिक्युअर बाजूची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) आणि यू-बूट (लिनक्सला उठवणारा बूटलोडर). बिल्ड एरर न देता संपतं पण टर्मिनल कोरं राहतं. एकदा कसंबसं चाललं तर नवीन यू-बूट टाकल्यावर इमेज आयडी ५ लोड झाली नाही आणि पुढं -८० असं आलं. आणि शेवटचा प्रश्न, इम्युलेटरवर हे सगळं नीट चाललं तर साहेबांना "आपलं फर्मवेअर सिक्युअर आहे" असं सांगता येईल का.

पहिल्यांदा एक सवय लावून घे, कारण निम्मा वेळ तिथंच वाचतो. स्क्रीन कोरी दिसली की लगेच क्लीन करून परत बिल्ड मारायचं नाही. बिल्ड बरोबरच असतं बहुतेक वेळा. गाडी कुठल्या टप्प्यावर थांबली ते आधी शोधायचं, कारण हे फर्मवेअर म्हणजे एक प्रोग्रॅम नाही, पाच वेगवेगळे प्रोग्रॅम एकामागून एक एकमेकांच्या हातात सूत्रं देतात, आणि बहुतेक भानगडी त्या हस्तांतराच्या जागीच होतात.

टप्पे पटकन सांगतो, बीएल म्हणजे बूटलोडरचा टप्पा, आणि बीएल१, बीएल२, बीएल३१ हे तिन्ही टीएफ-एचेच भाग. बीएल१ सगळ्यात आधी उठतं, ते ईएल३ म्हणजे प्रोसेसरच्या सगळ्यात वरच्या अधिकाराच्या पातळीवर चालतं, खऱ्या चिपमध्ये हे रॉममध्ये असतं. ते बीएल२ला आणतं. बीएल२ बाकी सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या जागी मेमरीत नेऊन ठेवतं: बीएल३१ जे मशीन चालू असेपर्यंत ईएल३वर बसून राहतं आणि एसएमसी कॉल, म्हणजे खालच्या पातळीवरून आलेल्या मागण्या, घेतं, बीएल३२ म्हणजे तुझं ऑप-टी, आणि बीएल३३ म्हणजे यू-बूट किंवा त्याच्या जागी ईडीके२ हे दुसरं फर्मवेअर, जिथून पुढं लिनक्स. बीएल१ सोडून बाकी सगळं एका फिप नावाच्या पॅकेट फाइलमध्ये बांधलेलं असतं. लॉगमध्ये आकडे येतात ते पाठच करून ठेव, इमेज आयडी १ म्हणजे बीएल२, ३ म्हणजे बीएल३१, ४ म्हणजे बीएल३२, ५ म्हणजे बीएल३३. म्हणजे तुझा आयडी ५ म्हणजे यू-बूट, आणि यू-बूट बदललंस म्हणूनच तो आला, त्याकडं नंतर येतो.

आता कोरी स्क्रीन. माझ्याकडं नवीन पोरं येतात त्यांच्याकडून मी सगळ्यात आधी पूर्ण रन कमांड मागवतो, बिल्डचा लॉग नंतर. कारण कोऱ्या स्क्रीनचं कारण जास्त करून तिथंच सापडतं. क्यूईएमयूच्या व्हर्ट नावाच्या आभासी मशीनला तू सीपीयू सांगितला नाहीस तर ते गुपचूप कॉर्टेक्स-ए१५ घेतं, आणि ए१५ हा ३२ बिट प्रोसेसर आहे, तुझं बीएल१ ६४ बिटचं, मग पहिल्या इन्स्ट्रक्शनलाच सगळं गडबडतं आणि एक अक्षरही छापलं जात नाही. म्हणून सीपीयू कॉर्टेक्स-ए५७ असं स्पष्ट लिही. मॅक्स नावाचा सीपीयूही मिळतो पण त्यात आर्मची नवीनातली नवीन फीचर असतात आणि ती टीएफ-एला बिल्डच्या वेळी सांगावी लागतात, सुरुवातीला त्याच्या नादाला लागू नकोस.

दुसरं, मशीनच्या ऑप्शनमध्ये व्हर्टच्या पुढं सिक्युअर ऑन आहे का बघ. ते नसेल तर क्यूईएमयू ईएल३ देतच नाही, सिक्युअर रॅम पण गायब, मग बीएल१ला उभं राहायला जागाच नाही. आणि हे केव्हीएमवर (गेस्टला थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवणारी लिनक्सची सोय) चालत नाही, केव्हीएम गेस्टला ट्रस्टझोन, म्हणजे आर्मची सिक्युअर आणि नॉन-सिक्युअर अशी दोन जगं, देऊ शकत नाही आणि क्यूईएमयू तसं स्पष्ट सांगून बंद पडतं, त्यामुळं हाताशी आर्म लॅपटॉप असला तरी हे सगळं सॉफ्टवेअर इम्युलेशनवरच चालवायचं, हळू वाटलं तरी.

तिसरं रॅम. मेमरीचा ऑप्शन दिला नाहीस तर व्हर्ट मशीन १२८ एमबीवर उठतं. आता बघ, व्हर्टमध्ये रॅम १ जीबीच्या पत्त्यापासून चालू होते, म्हणजे हेक्समध्ये ४ आणि पुढं सात शून्यं, आणि टीएफ-ए बीएल३३ला ६ आणि पुढं सात शून्यं या पत्त्यावर ठेवतं, म्हणजे रॅमच्या सुरुवातीपासून ५१२ एमबी पुढं. तुझ्या मशीनला तेवढी रॅमच नसेल तर यू-बूट हवेत ठेवल्यासारखं होतं आणि गाडी पुढं सरकत नाही. सरळ १०२४ एमबी दे आणि विसरून जा.

फ्लॅशची फाइल बनवताना पण लोक हमखास अडकतात. बीएल१ फाइलच्या सुरुवातीला, शून्यावर, आणि फिप २५६ केबीवर. डीडी कमांडमध्ये (ती बाइट हव्या त्या जागी लिहिते) ब्लॉक साइज ४०९६ आणि सीक ६४ लिहितात ते यासाठीच, ६४ गुणिले ४०९६ म्हणजे बरोबर २५६ केबी. सीक विसरलास तर फिप बीएल१च्या डोक्यावर जाऊन बसतं आणि स्क्रीन कोरी. आणि दोन्ही वेळा नोट्रंक लावायचं, नाहीतर फिप आधी भरून नंतर नुसतं बीएल१ बदललंस की डीडी फाइल कापून टाकतं आणि मागचं फिप उडतं, तेव्हा मग बीएल१चे दोन ओळी मेसेज येतात आणि फिपचा हेडर चेक फेल झाला अशी वॉर्निंग येते. ही वॉर्निंग दिसली तर प्रोसेसर, मशीन, बीएल१ सगळं ठीक आहे असं समज, फक्त पॅकेट चुकीच्या जागी आहे. बायोस ऑप्शनने फाइल दिलीस तर लहान फाइल चालते, पण पीफ्लॅश ड्राइव्ह म्हणून देणार असशील तर फाइल अचूक ६४ एमबीची लागते, ट्रंकेट कमांडने वाढवून घे.

अजून एक बारीक गोष्ट जी कुणी सांगत नाही. डीबग एक करून बिल्ड केलंस की आउटपुट डीबगच्या फोल्डरात जातं, तसं न करता केलंस की रिलीजच्या. तुझी फ्लॅश बनवायची स्क्रिप्ट जर अजून रिलीजच्या फोल्डरातून उचलत असेल तर तू दिवसभर कोड बदलत बसशील आणि चालणारं मात्र जुनंच असेल. लॉगमध्ये बीएल१च्या खाली बिल्डची तारीख वेळ छापली जाते, ती घड्याळाशी ताडून बघायची, दर वेळी. आणि शिकत असताना डीबगच ठेव, कारण रिलीजमध्ये लॉग लेव्हल २० असते म्हणजे फक्त नोटिस आणि एरर, डीबगमध्ये ४० असते मग कुठली इमेज कुठल्या पत्त्यावर लोड झाली ते सगळं दिसतं.

आणि हो, कन्सोल दोन आहेत. टीएफ-ए आणि यू-बूट पहिल्या युआर्टवर (सीरियल पोर्टवर) बोलतात, ऑप-टी दुसऱ्या, सिक्युअर युआर्टवर. तू सीरियल एकदाच दिलंयस कमांडमध्ये, मग ऑप-टी बिचारं व्यवस्थित उठून सगळं छापत असेल पण तुला दिसणार कुठं. सीरियल दोनदा लिही, पहिलं टर्मिनलवर आणि दुसरं एखाद्या फाइलमध्ये वळव. बीएल३१ कोसळलं तर त्याचा रजिस्टरचा डंप पण त्या दुसऱ्या युआर्टवरच जातो, त्यामुळं ती फाइल रोज उघडून बघायची.

एवढं करूनही कोरंच असेल तर अंदाज बांधत बसू नकोस, जीडीबी हा डीबगर लाव. क्यूईएमयूला छोटा एस आणि मोठा एस असे दोन्ही ऑप्शन दे, मशीन पहिल्या इन्स्ट्रक्शनवर थांबून राहतं आणि १२३४ पोर्टवर जीडीबीची वाट बघतं. बीएल१ची ईएलएफ फाइल सिंबॉलसाठी जोड आणि एकेक पाऊल टाक. किंवा जीडीबीचा कंटाळा असेल तर डी ऑप्शनला इंट आणि गेस्ट एरर्स देऊन लॉग फाइलमध्ये घे, त्यात कुठला एक्सेप्शन, कुठल्या ईएलवरून कुठल्या ईएलवर, ईएसआर (एक्सेप्शनचं कारण सांगणारं रजिस्टर) किती, सगळं लिहून येतं. खऱ्या बोर्डवर हीच माहिती काढायला महागडा डीबगर आणि जेटॅगच्या तारा लागतात, इथं फुकट मिळतीय, तर वापर.

बिल्डबद्दल थोडंच सांगतो कारण तुझं बिल्ड होतंय. टीएफ-एला प्लॅट क्यूईएमयू, ऑप-टी पाहिजे म्हणून एसपीडीला ऑप-टी-डी, आणि बीएल३२ची रॅमची जागा टीडीरॅम. ऑप-टीच्या तीन फाइली असतात, हेडर, पेजर आणि पेजेबल, त्या बीएल३२, बीएल३२ एक्स्ट्रा१ आणि एक्स्ट्रा२ म्हणून द्यायच्या. ऑप-टी बिल्ड करताना प्लॅटफॉर्मचं नाव व्हेक्सप्रेसच्या खाली आहे, व्हेक्सप्रेस-क्यूईएमयू आर्मव्ही८ए, क्यूईएमयू नावाचा वेगळा फोल्डर शोधत बसशील तर मिळणार नाही. यू-बूटला क्यूईएमयू आर्म६४चं डेफकॉन्फिग घेऊन त्यात टीएफएबूट हा ऑप्शन चालू कर, कारण सिक्युअर ऑन केल्यावर फ्लॅशची पहिली ६४ एमबीची बँक सिक्युअर बाजूला जाते आणि यू-बूटला तिला हात लावता येत नाही, ते त्याला सांगायला लागतं. उबुंटूवर ओपनएसएसएलची डेव्हलपमेंट लायब्ररी आधी टाकून ठेव, फिपटूल आणि सर्टिफिकेट बनवणारं टूल दोन्हींना लागते.

माझं मत विचारशील तर सगळ्यात आधी ऑप-टीचा रेपो मॅनिफेस्ट घेऊन क्यूईएमयू व्ही८चा तयार सेटअप एकदा चालवून बघ. डाउनलोड मोठं आहे, मधे लाइट गेली तर परत सिंक मारायचं, राहिलेलं तेवढं येतं. टूलचेन बनव, मेक रन मार, क्यूईएमयू थांबलेल्या अवस्थेत उघडतं, मॉनिटरवर सी दाबलं की सुटतं. लिनक्सला लॉगिन होऊन ऑप-टीची एक्सटेस्ट ही चाचणी चालव. ते पास झालं की दोन्ही कन्सोलचा लॉग फाइलमध्ये जपून ठेव. त्यानंतर सगळं हाताने, एकेक भाग सुटा बिल्ड करून परत उभं कर, आणि अडकलास की तुझा लॉग त्या चांगल्या लॉगशेजारी ठेवून पहिली वेगळी ओळ कुठली ते बघ. नुसत्या मेक रनवर थांबणारी पोरं मी बरीच बघितली, बोर्ड समोर आला की त्यांना काहीच सुचत नाही, कारण कुठली फाइल कुठं जाते हे त्यांच्यासाठी मेकफाइलने केलेलं असतं.

आता -८०. आधी हे लक्षात घे की सिक्युअर ऑन आणि सिक्युअर बूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ह्यात जाणती माणसं पण गोंधळतात. सिक्युअर ऑनने फक्त ईएल३ आणि ट्रस्टझोनची दोन जगं मिळतात. इमेजची सही तपासणं हे टीएफ-एमध्ये मुळात बंद असतं, ट्रस्टेड बोर्ड बूट एक, जनरेट सीओटी एक आणि एमबेड टीएलएसचा पाथ असं तिन्ही दिल्यावरच चालू होतं. तू ते चालू केलेलं आहेस, आणि -८० हा ऑथेंटिकेशन फेल झाल्याचा आकडा आहे. -२ आला असता तर फाइलच सापडली नाही असा अर्थ होता. म्हणजे तुझं फर्मवेअर बिघडलेलं नाही, ते त्याचं काम चोख करतंय!

झालं काय असणार ते सांगतो. तू नवीन यू-बूट बिल्ड केलंस आणि फिपटूलच्या अपडेटने फक्त तेवढी इमेज फिपमध्ये बदललीस. पण फिपमध्ये यू-बूटचं कंटेंट सर्टिफिकेट पण आहे आणि त्यात जुन्या यू-बूटचा हॅश, म्हणजे त्या फाइलचा आकड्यातला ठसा, लिहिलेला आहे. बीएल२ने नवीन फाइलचा हॅश काढला, सर्टिफिकेटशी ताडला, जुळला नाही, थांबलं. उपाय सरळ आहे, फिप टीएफ-एच्या मेकमधूनच परत बनव, म्हणजे सर्टिफिकेटं नवीन होतात.

पण इथंच दुसरा खड्डा आहे. क्यूईएमयूच्या पोर्टमध्ये रूटची खाजगी किल्ली बिल्डच्या फोल्डरातच ओपनएसएसएलने तयार होते, २०४८ बिटची आरएसए, आणि तिच्या सार्वजनिक भागाचा हॅश बीएल१मध्ये जाऊन बसतो. बिल्ड फोल्डर पुसलास की किल्ली गेली, पुढच्या वेळी नवी किल्ली. मग तू फ्लॅशमध्ये नुसतं नवीन फिप टाकलंस आणि बीएल१ जुनंच ठेवलंस तर बीएल१ पहिल्याच पावलाला बीएल२ नाकारतं. म्हणून किल्ली बिल्ड फोल्डरच्या बाहेर तुझी तू बनवून ठेव आणि रॉट की म्हणून दर वेळी तीच दे, बीएल१ आणि फिप कायम एका बिल्डमधले वापर.

चालतंय याची खात्री करायची तर मुद्दाम मोडून बघ. फिपटूलच्या इन्फो कमांडने यू-बूट फिपमध्ये कितव्या बाइटवर सुरू होतं ते कळतं, त्यात २५६ केबी मिळव म्हणजे फ्लॅश फाइलमधली जागा आली. तिथून पुढं कुठलाही एक बाइट डीडीने बदल, नोट्रंक विसरू नकोस, आणि बूट कर. आयडी ५ आणि -८० आलं पाहिजे. जर निवांत यू-बूटचा प्रॉम्प्ट आला तर तुझं सिक्युअर बूट चालू नाहीच, मेकच्या ओळीत काहीही लिहिलेलं असू दे. बीएल३१ आणि ऑप-टीच्या इमेजवरही हेच कर. ह्या टेस्टा मी स्क्रिप्टमध्ये घालून प्रत्येक बदलानंतर आपोआप चालवतो, चांगली इमेज बूट होणं हा अर्धाच पुरावा असतो, खराब इमेज अडणं हा दुसरा अर्धा.

दोन जगांची भिंत पण अशीच तपासता येते. सिक्युअर रॅम २२४ एमबीच्या पत्त्यावर आहे, हेक्समध्ये शून्य, ई आणि सहा शून्यं, एकूण १६ एमबी, त्यातल्या पहिल्या एमबीत टीएफ-ए राहतं आणि उरलेल्या १५ एमबीत ऑप-टी. यू-बूटच्या प्रॉम्प्टवर मेमरी दाखवणाऱ्या एमडी कमांडला तोच पत्ता देऊन बघ. सिंक्रोनस अबॉर्ट येतो, ईएसआर ९६००००१०, रजिस्टरं छापली जातात आणि यू-बूट रीसेट. शेवटचं १० म्हणजे एक्सटर्नल अबॉर्ट, म्हणजे पेज टेबलने नाही तर बसनेच नाही म्हटलं. त्याच वेळी बीएल३१ त्याच मेमरीत बसून चालू आहे. सिक्युअर आणि नॉन-सिक्युअर हे पुस्तकात कितीही वाचलं तरी हा अबॉर्ट स्वतःच्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

आता साहेबांचा प्रश्न. नाही, "सिक्युअर आहे" असं म्हणू नकोस. "बूटची साखळी बरोबर जोडली आहे आणि खराब इमेज अडते हे तपासलं आहे" असं म्हण, ते खरं आहे आणि ती कमी गोष्ट नाही. तुमच्याच शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्न मोजून कास्टिंगचं माप कळतं, धातूची जात कळत नाही, तसंच आहे हे. क्यूईएमयूवर बीएल१ आणि त्यातला किल्लीचा हॅश एका साध्या फाइलमध्ये आहेत, ज्याच्या हातात लॅपटॉप तो बदलू शकतो, खऱ्या चिपवर बीएल१ रॉममध्ये आणि हॅश फ्यूजमध्ये, म्हणजे चिपमधल्या एकदाच लिहिता येणाऱ्या बिट्समध्ये, असतो. जुनं फर्मवेअर परत चढवता येऊ नये म्हणून जो काउंटर लागतो तो क्यूईएमयूच्या पोर्टमध्ये कायम शून्यच परत देतो, म्हणजे रोलबॅकपासून संरक्षण इथं तपासताच येत नाही. ऑप-टीची हार्डवेअरची खास किल्ली, जिच्यावरून सिक्युअर स्टोरेजच्या सगळ्या किल्ल्या निघतात, ती पण डिफॉल्ट कोडमध्ये नुसती शून्यं आहे. आणि ट्रस्टेड अ‍ॅपवर सही करायची डिफॉल्ट किल्ली तर सोर्स कोडबरोबर सगळ्या जगाला उपलब्ध आहे. प्रॉडक्ट बाजारात जायच्या आधी ह्या चारही जागा बदललेल्या असल्या पाहिजेत, मी तर त्या आधी कागदावर लिहून भिंतीवर लावतो.

त्याशिवाय वागण्यातला फरक. क्यूईएमयू कॅशचं इम्युलेशन करत नाही, त्यामुळं कॅश फ्लश करायचं विसरलेला कोड इथं झकास चालतो आणि बोर्डवर अधूनमधून मरतो. तुझा लॅपटॉप इंटेल किंवा एएमडीचा असेल तर त्यांचा मेमरी ऑर्डरिंगचा नियम आर्मपेक्षा कडक आहे, म्हणून कोडमधला बॅरियर (मेमरीचा क्रम राखणारी इन्स्ट्रक्शन) राहिला असेल तरी इथं कळत नाही. स्पेक्टरसारखे हल्ले तर इथं दिसणारच नाहीत कारण स्पेक्युलेशनच, म्हणजे प्रोसेसरने अंदाजाने पुढचं काम आधीच करणं, इथं नाही. मल्टिकोअरची आणि डीएमएची टेस्ट इथं पास झाली म्हणून बोर्डवर कमी करू नकोस, तिथंच जास्त कर.

बोर्ड आला की सगळ्यात आधी त्यावर सही न तपासता साधं बूट आण, मग डेव्हलपमेंट किल्लीने तपासणी चालू कर, मग बाइट बदलायच्या त्याच टेस्टा तिथं चालव. फ्यूज सगळ्यात शेवटी. एकदा जाळलेला फ्यूज परत येत नाही, आणि चुकीचा हॅश गेला तर तो बोर्ड कायमचा बाद. पहिला बोर्ड त्यासाठी वेगळा काढ, खाजगी किल्लीची प्रत दोन वेगळ्या जागी ऑफलाइन ठेव, जाळायचा हॅश दोघांनी वेगवेगळा काढून एकमेकांशी ताडा आणि मगच कमांड मारा. आणि पुढच्या वेळी विचारताना पूर्ण रन कमांड आणि दोन्ही युआर्टचे लॉग टाक, कुठल्या टप्प्यावर थांबलंय ते त्यातून पटकन काढता येईल.